शेवटच्या बांधीचं धान

सरांच्या ऑफिसात भिंतीला एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर एक टाय लटकलेला असे. निळा, त्यावर पिवळे तिरपे पट्टे. राइस मिलच्या ऑफिसात टायचं काय काम, असं कोणालाही वाटेल. गोंदियात धानाच्या धंद्यातली माणसं पांढरा शर्ट घालतात आणि संध्याकाळपर्यंत तो कोंड्याने पिवळट होतो, एवढाच त्यांचा पोशाख. सरही तसलाच अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालत, पायात रबरी चपला. पण वर्षातून पाच-सात दिवस ते खिळ्यावरचा टाय काढत, दोनदा झटकत, गळ्यात अडकवत आणि टेबलामागे जाऊन बसत. त्या दिवशी हमाल एकमेकांना सांगत, "आज सेठ का कॉलेज है." गावात त्यांना टायवाले सेठ म्हणत. आम्ही मुलाखतीला जाणारे 'सर' म्हणायचो, कारण दुसरं काही म्हणायची हिंमत नव्हती.

तीसेक वर्षांपूर्वी सर देशातल्या एका नावाजलेल्या बिझनेस स्कूलमधून शिकून बाहेर पडले होते. त्या स्कूलची पद्धत अशी, की लेखी परीक्षा आणि निबंध पसंत पडले की पहिली मुलाखत तुमच्या भागात राहणारा एखादा माजी विद्यार्थी घेतो. तो अहवाल पाठवतो आणि त्या अहवालावर पुढचं सगळं ठरतं. नागपूरच्या मुलांना असे माजी विद्यार्थी काचेच्या ऑफिसात भेटतात, कॉफी पाजतात आणि तासाभरात मोकळं करतात. आमच्या टापूत मात्र एकच माजी विद्यार्थी होता, तो रेल्वे फाटकापलीकडे मिल चालवत होता आणि कॉफी त्याच्या मिलमध्ये कोणी पाहिलेली नव्हती.

मुंबईची मोठी नोकरी सोडून सर परत का आले, याच्या गावात तीन गोष्टी प्रचलित होत्या. कोणी म्हणे साहेबाशी मारामारी केली, कोणी म्हणे वडिलांनी अंथरूण धरलं, कोणी म्हणे डोकं फिरलं. सरांना विचारलं तर ते सांगत, "साबण विकत होतो. साबणात काही खोट नव्हती. पण त्याच्याबद्दल जे बोला लागत होतं, त्याचा कंटाळा आला."

त्यांच्या ऑफिसात पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या होत्या आणि दोन्हींवर कायम नमुन्याच्या धानाच्या पिशव्या ठेवलेल्या असत. बसा असं ते कोणाला म्हणत नसत. ज्याला बसायचं त्याने पिशवी उचलून खाली ठेवावी आणि बसावं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पहिल्या दिवशी पाऊण तास उभी होते.

आणि त्यांच्या हातात नेहमी परखी असे. परखी म्हणजे लोखंडाची पोकळ, टोकदार नळी. पोत्यात खुपसली की आतलं धान नळीत येतं. इतर मिलवाले पोत्यात एकदा परखी मारतात. सर तीनदा मारत, वर, मध्ये आणि बुडाशी. "वरचं धान सगळ्याइचंच चांगलं रायते," असं ते म्हणत. एकदा त्यांच्या सख्ख्या साळ्याने ट्रकभर धान पाठवलं. सर ट्रकवर चढले, वरची पोती हमालांना बाजूला करायला लावली, अगदी तळाच्या पोत्यात परखी मारली आणि ड्रायव्हरला एकच शब्द म्हणाले, "वापस." मग साळ्याला फोन करून रात्री जेवायला बोलावलं. साळा आलाही. बायको वाढत होती, दोघं पुरणपोळी खात होते आणि साळ्याचा ट्रक परत तिरोड्याच्या वाटेला लागला होता, असं मिलचे दिवाणजी फार रंगवून सांगत. मलाही त्या गोष्टीचं फार हसू यायचं, माझी पाळी येईपर्यंत.

माझी तिसरी खेप होती. आधीच्या दोन वेळा मुलाखतीपर्यंतही पोचले नव्हते. नागपूरला इंजिनिअरिंग करून मी गोंदियात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात चिकटले होते आणि आणखी चार वर्षं तिथे काढली तर तिथल्याच कपाटांमध्ये माझी गणती होईल अशी मला धास्ती होती. बाबांनी बालाघाटच्या एका स्थळाला 'मार्चपर्यंत थांबा' असं सांगून ठेवलं होतं. मार्चमध्ये स्कूलची यादी लागायची. नाव आलं तर मी शिकायला जाणार, नाही आलं तर बालाघाटला. मुलगा वाईट नव्हता. मला जायचं नव्हतं, इतकंच.

जानेवारीत सरांचा फोन आला. "बुधवारी सकाळी आठ वाजता मिलवर या. निबंधात तळ्याच्या पाण्याबद्दल लिहिलं आहे तुम्ही. त्या शेवटच्या बांधीतलं ओंजळभर धान घेऊन या." आणि फोन ठेवला.

निबंधात मी काय लिहिलं होतं ते सांगायला हवं. आमचं गाव अर्जुनीच्या बाजूला. आम्ही कोहळी, तळी बांधणारे म्हणून आमच्या लोकांची ओळख. गावचं तळं आमच्याच घराण्यातल्या कोणीतरी बांधलेलं आहे असं सांगतात. तळ्यातून सुटलेलं पाणी धानाच्या एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं उतरत जातं. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला शेताचा तुकडा. पाऊस लवकर आटोपला की सप्टेंबरअखेर सगळ्यांनाच पाणी हवं असतं, मग पाळ्या लागतात. पहिली पाळी वरच्यांची, शेवटची खालच्यांची, आणि खालच्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. हे मला लहानपणापासून डाचत होतं. त्या वर्षी मी कॉम्प्युटरवर नवा तक्ता केला: पाणी आधी शेवटच्या बांध्यांना, मग चढत चढत वरच्यांना, आणि तासही जमिनीप्रमाणे वाटलेले. गावच्या बैठकीत बाबांनी तो वाचून दाखवला. कोणी हूं की चूं केलं नाही. पाणी सोडायच्या दिवशी नारळ फोडला, मी फोटो काढले आणि दुपारच्या बसने गोंदियाला परतले. दसऱ्याच्या आत निबंध गेला. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचलं आणि पीक वाचलं, असं मी त्यात लिहिलं. धान तेव्हा शेतात उभं होतं आणि कापणीला महिना होता.

रविवारी मी गावी गेले. शेवटची बांधी भागरता काकूची. तिथवर चालत जायचं म्हणजे अर्धा तास, आणि बस चारची होती. आमचं शेत तळ्याला लागूनच आहे. मी घरातल्या धान साठवायच्या ढोलीतून ओंजळभर धान काढलं आणि पिशवीत भरलं. धानावर काय सातबारा छापलेला असतो, असं मी मनात म्हटलं.

बुधवारी आठला मी मिलवर पोचले तेव्हा सरांच्या गळ्यात टाय होता. त्यांनी मान हलवली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पाणी शेवटच्या बांधीत पोचलं तेव्हा तू कुठं होतीस?"

मी तयारी करून गेले होते. नेतृत्व, जोखीम, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, सगळी उत्तरं पाठ होती. त्यांत हा प्रश्न नव्हता. "गोंदियाला, सर. फोनवरून लक्ष ठेवून होते," मी म्हणाले.

ते उठून मिलमध्ये गेले, मी मागे गेले. दोन-अडीच तास मी त्यांच्यामागे फिरत होते. उसन्या तांदळासाठी धान उकडायच्या टाक्यांतून वाफ येत होती, चाळण्यांच्या आवाजात त्यांचा अर्धा शब्द ऐकू येई, अर्धा गळून जाई. मध्येच त्यांनी एका हमालाकडे बोट दाखवून विचारलं, "हा माणूस कोणत्या पायानं जोर लावून राहिला?" मी पाहिलं नव्हतं. मी डावा म्हणाले. तो उजवा होता.

साडेदहाच्या सुमारास आम्ही ऑफिसात परतलो. माझ्या पायात गोळे आले होते. सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, "पाणी शेवटच्या बांधीत पोचलं तेव्हा तू कुठं होतीस?" मी तेच उत्तर दिलं, थोडं अधिक लांबवून. पाणी वाटणाऱ्या दशरथ काकाजींशी रोज फोन व्हायचा, ते 'पाळी चालू आहे' म्हणून सांगायचे, वगैरे. हे खरंच होतं. पण माझ्या डोक्यात तोवर परखी आली होती. वर मारून झाली, मध्ये मारून झाली, आता बुडाशी मारणार, हे मला कळलं.

त्यांनी टेबलाच्या खणातून शाळेतल्या पोरांची असते तशी काळी पाटी काढली. माझं धान एका लाकडी ठोकळ्याखाली रगडलं, फुंकर मारून तूस उडवलं आणि तांदूळ पाटीवर पसरला. लांब, सबंध, काचेसारखा स्वच्छ दाणा. मला हायसं वाटलं. सरांनी एक दाणा दाताखाली धरला.

"कोणत्या बांधीतलं होय हे?"

"शेवटच्या."

"हे धान शेवटपर्यंत पोटभर पाणी प्यालं आहे," ते म्हणाले. "तळ्याला लागून असलेल्या बांधीतलं आहे. तुह्याच घरचं काय?"

 बाहेर कुठेतरी पट्टा बदलायला मशीन थांबवलं होतं, त्यामुळे ऑफिसात एकाएकी फार शांत झालं. मला वाटलं, आता ते हाकलतील. तिसरी खेप गेली, बालाघाट नक्की.

"खोटं काऊन बोलून राहिली?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, ते खरोखरच विचारत होते. "मले शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट पाठवा लागते. तवापर्यंत तुही मुलाखत चालू आहे. जाय, जे मागितलं होतं ते घेऊन ये."

गुरुवारी मी सुटी टाकली आणि पहिल्या बसने गावी गेले. घरी न थांबता धुऱ्याधुऱ्याने चालत खाली गेले. तळ्यापासून शेवटच्या बांधीपर्यंत मी जन्मात पहिल्यांदा सलग चालत होते. वाटेत किती बांध्या लागतात हे मला माहीत होतं, तक्त्यात मीच त्या लिहिल्या होत्या. पण चालताना त्या संपता संपेनात.

भागरता काकू अंगणात सूप घेऊन बसली होती. तिच्यासमोर धानाचा लहानसा ढीग होता. मी पाण्याबद्दल विचारलं तेव्हा ती आधी म्हणाली, "झालं बाई, चांगलं झालं." मी तिच्या बाजूला खाली बसले आणि ढिगात हात घातला. मूठभर धान उचललं तर हाताला वजनच लागेना. निम्मं पोचट होतं.

"काकू, खरं सांग."

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "पाणी निंगालं त होतं. पण जमीन तडकली होती ना, वरच्या बांध्याइनंच पेऊन टाकलं. माह्या पाळीचे तास सरले तवा पाणी अर्ध्या वाटेतच होतं. मंग वरच्याइची पाळी लागली. त्याइनं आपापले धुरे बांधून घेतले. त्याइचं काय चुकलं?"

पूर्वी उरलंसुरलं तरी मिळायचं. माझ्या तक्त्याने तेही गेलं होतं. कोरड्या बांध्यांतून पाणी खालपर्यंत जायला किती तास लागतील हा हिशेब मी केलाच नव्हता. पाण्याचं गाव म्हणून आम्ही मिरवतो आणि पाणी चालतं कसं हे मला माहीत नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?"

"कोणाले सांगाचं? तळं तुमच्या घरानं बांधलं, पाण्यावर तुमचा शब्द. अना तुह्या बाबानं तो कागद वाचला तवा त्याच्या तोंडावर एवढी खुशी होती. कोण बोलते?"

दशरथ काकाजींना मी परतीच्या वाटेतच गाठलं. गावचं पाणी सोडणं-बंद करणं त्यांच्याकडे, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांकडे. मी चिडून विचारलं की रोज फोनवर तुम्ही चालू आहे म्हणून कसं सांगत होतात. ते शांतपणे म्हणाले, "पाळी चालू हाय असं सांगतलं ना मी. पाणी पोचलं असं कुठं म्हणलं? तूनं विचारलं असतं त सांगतलं असतं."

मी विचारलंच नव्हतं. आमच्या घरच्या माणसाने पाण्याबद्दल काही म्हटलं तर गावात त्याला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही, हा आमच्याकडचा जुना मान. तो मान इतका महाग पडू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि किंमत भागरता काकूने मोजली होती. तिच्या अंगणातून निघताना तिने माझ्या पिशवीत धान ओतलं होतं. "घेऊन जाय, लागन तेवढं," ती म्हणाली, "कोंबड्याइले टाकाले ठेवलं हाय." बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन मी रडले, आणि शेजारच्या बाईने मला न विचारता खिडकीची जागा दिली.

शनिवारी सरांनी तेच केलं. ठोकळा, फुंकर, पाटी. या वेळी तुसाबरोबर निम्मे दाणे उडून गेले. उरले त्यांतले अर्धे तुटले, आणि जे सबंध होते त्यांच्या पोटात खडूसारखं पांढरं होतं. "पाणी पोचलं तेव्हा तू कुठं होतीस?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"पाणी पोचलंच नाही, सर," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. सांगताना मला एक वेडी आशा वाटत होती. खरं सांगितलं की सुटका होते असं लहानपणापासून ऐकलेलं असतं.

सरांनी कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि मला म्हणाले, "माझं टायपिंग हळू आहे. मी सांगतो, तू इंग्रजीत लिही." मी इतकी गोंधळले होते की हातातली पिशवी खाली ठेवून निमूट त्यांच्या खुर्चीवर बसले. ते पाठीमागे हात बांधून उभे राहिले.

"लिही. उमेदवारानं पहिल्या दिवशी दुसऱ्या शेतातलं धान आणलं अना शेवटचं म्हणून सांगितलं."

मी लिहिलं.

"निबंधातला दावा खोटा आहे."

"चुकीचा लिहू का, सर?"

"कापणीनंतर लिहिला असतास अना चुकला असता, त चुकीचा. कापणीच्या आधी लिहिला. खोटा."

मी खोटा लिहिलं. 

"उमेदवार परत गेली, खरं धान घेऊन आली, सगळं स्वतः सांगितलं. लिही, हेही खरं आहे."

मग शेवटचा प्रश्न आला. या उमेदवाराला प्रवेश द्यावा अशी तुमची शिफारस आहे का? खाली दोन गोल होते, एक होचा, एक नाहीचा. सर खिडकीशी गेले. बाहेर हमाल ट्रक रिकामा करत होते. मला वाटतं ते मिनिटभरच उभे होते, पण त्या मिनिटात मी मनातल्या मनात सामान बांधून रेल्वेत बसलेही होते.

"नाही," ते म्हणाले.

"सर, मी खरं सांगितलं ना."

"सांगितलंस. आता भागरताबाईच्या बांधीचं काय करशील?"

त्याचा विचार मी केलाच नव्हता. तीन दिवस मी फक्त माझं कसं होणार याचाच विचार करत होते.

"म्हणून नाही," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी ये."

तो गोल मी माझ्या हाताने भरला. पाठवा असं लिहिलेलं बटण मी माझ्या हाताने दाबलं. सरांनी टाय सैल केला, खिळ्याला अडकवला आणि परखी घेऊन ट्रककडे गेले.

मार्चमध्ये यादी लागली, नाव अर्थातच नव्हतं. बालाघाटच्या स्थळाला मीच नाही कळवलं आणि बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या आठ दिवसांतल्या एका दुपारी मी बिझनेस स्कूलला तक्रार पाठवली. मुलाखत चार दिवस चालवली. बसायला खुर्ची दिली नाही. धान आणायला लावलं. अहवाल मलाच टाइप करायला लावला, माझ्याविरुद्धचा. सगळं मुद्देसूद, एकही शब्द खोटा नाही. उत्तर आलं की दखल घेतली आहे. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

रागाच्या भरात मी आणखी एक गोष्ट केली. पावसाळ्यात दर शनिवारी गावी जाऊ लागले. त्या माणसाला दाखवून देईन, एवढंच डोक्यात होतं. दशरथ काकाजींना म्हटलं, मला तक्ता करायचा नाही, तुम्ही सांगा. त्यांना आधी विश्वास बसेना. मग म्हणाले, "आधी वाट ओली करा लागते, बाई. दोन दिवस कोणाची पाळी नाही, कोणी धुरा बांधाचा नाही, पाणी फक्त खाली जाऊ द्याचं. जमिनीची तहान भागली का मंग तुहे तास मोज." बैठकीत या वेळी ते स्वतः बोलले. बाबांनी विचारलं, गेल्या वर्षी काय झालं होतं? तेव्हा लोक पहिल्यांदा बोलले, आणि बाबा खाली मान घालून ऐकत राहिले. सप्टेंबरात पाऊस गेला. पाणी सुटल्यावर मी दहा दिवस गावातच राहिले.

चौथ्या खेपेला मुलाखतीचं बोलावणं नागपूरचं आलं. काचेचं ऑफिस, कॉफी, समोर सरांच्याच स्कूलमधून शिकलेल्या एक बाई, फार गोड बोलणाऱ्या. एखादं अपयश सांगा, असं त्या म्हणाल्या. मी भागरता काकूच्या बांधीची गोष्ट सांगितली, पोचट धानापासून ओल्या वाटेपर्यंत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उठताना सहज म्हणाल्या, "तुमच्या गोंदियात आमचे एक सीनिअर होते. वीस वर्षं मुलाखती घेत होते. गेल्या वर्षी कोणीतरी तक्रार केली. खुलासा मागवला तर एका ओळीत उत्तर, 'तक्रार खरी आहे.' दुसरा शब्द नाही. मग मुलाखत घेणाऱ्यांच्या यादीतून नाव काढावंच लागलं."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. कोणीतरी म्हणजे मी, हे सांगायची तीच वेळ होती. मी आभार मानून बाहेर पडले.

मार्चमध्ये नाव आलं. बाबांनी पेढे वाटले. मधल्या दोन महिन्यांत मी रिक्षावाल्याला फाटकाच्या रस्त्याने जाऊ दिलं नव्हतं, लांबचा रस्ता घ्यायला लावायचे. निघायच्या आधल्या आठवड्यात मात्र गावी गेले, भागरता काकूच्या घरून ओंजळभर धान घेतलं आणि मिलवर गेले.

सर टेबलामागे बसून नमुने बघत होते. खुर्च्यांवर पिशव्या होत्या. मी एक पिशवी उचलून खाली ठेवली आणि बसले.

"सर, ती तक्रार मी केली होती."

"माहीत आहे. त्याइनं मले वाचाले पाठवली होती."

"मला माफी मागायची आहे."

त्यांनी हातातला दाणा खाली ठेवला. "त्यात एक तरी गोष्ट खोटी लिहिली होतीस काय?"

"नाही, सर."

"मंग माफी कायची मागतेस?"

मला वाटलं आता रडू येईल, म्हणून मी घाईने पिशवी त्यांच्यापुढे सरकवली. प्रवेश मिळाला हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पिशवी हातावर तोलून पाहिली. मग उठले. भिंतीवर टाय तसाच होता, वर्षभराच्या कोंड्याने त्याचे पिवळे पट्टे दिसेनासे झाले होते. सरांनी तो काढला, दाराबाहेर नेऊन झटकला, पुन्हा झटकला, आणि गळ्यात नीट गाठ मारून टेबलामागे येऊन बसले. खणातून पाटी काढली.

"हं," ते म्हणाले. "पाणी शेवटच्या बांधीत पोचलं तेव्हा तू कुठं होतीस?"

"तिथेच, सर," मी म्हणाले. "तिसऱ्या दिवशी सकाळी. भागरता काकूच्या धुऱ्यावर बसले होते."